परोपजीवी फुलांच्या कुळाचा शोध



जुन्या आंब्याच्या झाडाकडे नीट पाहिलेत तर एखाद्या फांदीवर वेगळ्याच पानांचा झुबका दिसतो. पाने आंब्याची नसतात, फुले आंब्याची नसतात, पण रस मात्र आंब्याचा असतो. यालाच आपण बांडगूळ म्हणतो, आणि दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या माणसालाही हेच नाव देऊन मोकळे होतो. कुंपणावर पसरलेली पिवळी अमरवेलही आपल्या पाहण्यात असेल. शेतकरी बांधवांना ज्वारीतील टारफुला आणि तंबाखूतील बंबाखू यांची ओळख करून देण्याची गरजच नाही. या सर्व परोपजीवी वनस्पती होत. फुले येणाऱ्या अशा वनस्पतींच्या चार हजारांहून अधिक जाती जगात आहेत.

मी इतिहासाचा शिक्षक आहे. वनस्पतिशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु या वनस्पतींची कुळे शास्त्रज्ञांनी कशी ठरवली, कशी चुकवली आणि पुन्हा कशी दुरुस्त केली, ही हकीकत वाचताना मला वाटले, की हा इतिहासच आहे. त्यात दस्तऐवज आहेत, खोटे बोलणारे साक्षीदार आहेत आणि उलटतपासणीही आहे. विद्यार्थी मित्रांनो, ही हकीकत आपल्यापुढे मांडण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

पूर्वीच्या काळी वनस्पतींची विभागणी त्यांच्या उपयोगावरून होत असे. औषधी कोणती, विषारी कोणती, गुरांना चारायची कोणती, हे माणसाला आधी हवे होते. युनानी वैद्यकात अमरवेलीच्या जातीच्या वेलाला ‘अफ्तीमून’ म्हणतात. हा शब्द मूळ ग्रीक भाषेतून अरबीत आला आहे, आणि त्याचा अर्थ ‘थाइमच्या झुडपावरचा’ असा आहे. म्हणजे वेलाला स्वतःचे नावसुद्धा नाही! तो ज्याच्या अंगावर वाढतो, त्याच्या नावाने ओळखला गेला. परोपजीवी वनस्पतींची ओळख पटवणे किती अवघड आहे, याची चुणूक या एका शब्दात दिसते.

१७५३ साली स्वीडनच्या कार्ल लिनियस याने फुलातील पुंकेसर मोजून वनस्पतींचे वर्ग पाडले. पुढे फुलाचे सर्वच भाग, बी, पाने आणि खोड यांची तुलना करून कुळे ठरवण्यात येऊ लागली. इंग्लंडमधील बेंथॅम आणि हूकर या दोघांनी १८६२ ते १८८३ या काळात मोठा ग्रंथ प्रसिद्ध करून जी पद्धत घालून दिली, ती आपल्याकडील महाविद्यालयांतून अनेक वर्षे शिकवली गेली. पद्धत चांगली होती. पण ज्या वनस्पतीला पानच नाही, खोड नाही आणि मूळही नाही, तिची तुलना कशाशी करायची?

अशी एक वनस्पती १८१८ साली सुमात्रा बेटावर इंग्रजांच्या पाहण्यात आली. ईस्ट इंडिया कंपनीचा तेथील अधिकारी स्टॅमफर्ड रॅफल्स हा जंगलात प्रवासाला निघाला होता. त्याच्याबरोबर जोसेफ आर्नल्ड नावाचा शल्यवैद्य होता. त्यांच्या तांड्यातील एका मलाय नोकराला वाटेच्या बाजूला एक प्रचंड फूल दिसले. तो धावत येऊन आर्नल्डला घेऊन गेला. फूल सुमारे एक यार्ड रुंद होते आणि वजनाला पंधरा पौंड, म्हणजे जवळजवळ सात किलो भरले. त्याला सडक्या मांसाची दुर्गंधी येत होती आणि त्याच्याभोवती माश्या घोंगावत होत्या. जंगली द्राक्षवेलीच्या मुळावर ते उमलले होते. त्याच वर्षी आर्नल्ड तापाने मरण पावला. १८२० साली रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे या फुलाचे वर्णन वाचले. रॅफल्स आणि आर्नल्ड या दोघांची नावे जोडून ‘रॅफ्लेसिया आर्नल्डी’ असे त्याचे नामकरण झाले. ज्याने ते प्रथम दाखवले, त्या नोकराचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याआधीच, १७९७ साली, देशां नावाच्या फ्रेंच संशोधकाला जावा बेटांच्या भागात याच प्रजातीचे फूल मिळाले होते. परंतु मायदेशी परतताना त्याचे जहाज इंग्रजांनी पकडले, त्याचे कागद जप्त झाले आणि शोधाचे श्रेय दुसरीकडे गेले. स्थानिक लोकांना तर हे फूल पूर्वीपासूनच ठाऊक होते. जावातील एका जातीचे नाव ‘पत्मा’, म्हणजे आपलाच ‘पद्म’ शब्द! इंडोनेशियात आज रॅफ्लेसिया आर्नल्डीला ‘पद्म राक्षस’ म्हणतात, आणि १९९३ साली त्या देशाने या फुलाला आपल्या राष्ट्रीय फुलांत स्थान दिले.

फुलाला नाव मिळाले, पण कूळ कोणते? रॅफ्लेसियाचा देह म्हणजे द्राक्षवेलीच्या आत पसरलेले बारीक धागे. बाहेर दिसते ते फक्त फूल. तेव्हा शास्त्रज्ञांनी काय केले? ज्यांना पाने नाहीत, ज्यांच्यात हिरवेपणा नाही आणि जे दुसऱ्या झाडाच्या पोटात राहतात, अशा अनेक वनस्पती एकत्र केल्या. भूमध्य समुद्राच्या काठी झुडपांच्या मुळांवर उगवणारा सायटिनस, पूर्व आशियातील वृक्षांच्या मुळांवरचा मित्रास्टेमॉन, फांदीच्या सालीतून इवलीशी फुले काढणारा पायलोस्टायलिस आणि आपला हा राक्षस, असे सर्व एका दावणीला बांधले गेले. बेंथॅम आणि हूकर यांनी या मंडळींना घटपर्णीच्या शेजारी बसवले. शंभर वर्षांनंतर, १९८१ साली, अमेरिकेच्या क्रॉन्क्विस्ट यांनी त्यांचा स्वतंत्र गण मानून त्यांना चंदनाच्या गणाजवळ ठेवले. जागा बदलली, पण मोट तशीच राहिली.

वाचकहो, या साऱ्यात चूक कोठे होती, ते पाहा. या वनस्पतींजवळ काय आहे यापेक्षा काय नाही, यावरून त्यांचे नाते ठरवले गेले. पण एखादी वस्तू नसणे हा नात्याचा पुरावा होऊ शकत नाही. दोन माणसांच्या घरी घड्याळ नाही म्हणून ते दोघे भाऊ ठरत नाहीत. आयते अन्न मिळू लागल्यावर वेगवेगळ्या कुळांतील वनस्पतींनी आपापली पाने टाकून दिली आणि शेवटी त्या सारख्या दिसू लागल्या, असेही घडू शकते. ही शंका काहींना होती, पण ती सिद्ध करण्याचे साधन नव्हते.

ते साधन डीएनएच्या रूपाने हाती आले. प्रत्येक सजीवाच्या पेशीत आनुवंशिक मजकूर असतो. पिढ्यान्‌पिढ्या त्याची नक्कल होत असताना त्यात थोडे थोडे फरक पडत जातात. जुन्या पोथीच्या दोन प्रतींत एकच चूक आढळली, तर त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असाव्यात, असे आपण म्हणतो. हेही तसेच आहे. १९९३ साली बेचाळीस शास्त्रज्ञांनी मिळून सुमारे पाचशे वनस्पतींचे एक जनुक ताडून पाहिले आणि फुलझाडांची मोठी वंशावळ मांडली. १९९८ साली त्या धर्तीवर नवे वर्गीकरण प्रसिद्ध झाले. परंतु त्यातही रॅफ्लेसियाचे नाव ‘स्थान अनिश्चित’ अशा यादीत राहिले. कारण ते जनुक हरितलवकातील, म्हणजे सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणाऱ्या भागातील होते. ज्याची चूलच विझली आहे, त्याच्या घरी चुलीचे कागद कोठून सापडणार?

मग शास्त्रज्ञांनी पेशीतील दुसरे दप्तर उघडले. तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, परोपजीवी वनस्पतींतही असतात. २००४ साली अमेरिकेत टॉड बार्कमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तंतुकणिकांतील डीएनएवरून दाखवून दिले, की रॅफ्लेसिया घटपर्णीजवळचा नाही आणि चंदनाजवळचाही नाही. तो माल्पिघिएल्स नावाच्या गणातील आहे. एरंड याच गणातला.

प्रकरण येथेच मिटले नाही. त्याच वर्षी चार्ल्स डेव्हिस आणि केनेथ वुर्डॅक यांनी आणखी जनुके तपासली, तेव्हा एका जनुकाने भलतीच साक्ष दिली. त्याच्या म्हणण्याप्रमाणे रॅफ्लेसिया हा द्राक्षाच्या कुळातला होता! म्हणजे ज्या वेलीवर तो जगतो, तिचाच नातेवाईक. बाकीची जनुके मात्र एरंडाच्याच गणाकडे बोट दाखवत होती. उलगडा असा झाला, की ते एक जनुक रॅफ्लेसियाचे स्वतःचे नव्हतेच. हजारो पिढ्या द्राक्षवेलीच्या पोटात राहिल्याने तिचे जनुक त्याच्यात शिरले होते. भाडेकरूच्या पेटीत घरमालकाचा कागद सापडावा, तसा हा प्रकार. एकाच साक्षीदारावर विसंबून निकाल दिला असता, तर विज्ञानाच्या नावानेच नवी चूक रूढ झाली असती. अनेक स्वतंत्र साक्षी जुळल्या, म्हणूनच सत्य हाती लागले.

२००७ साली डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अधिक जनुके तपासून निश्चित केले, की रॅफ्लेसियाचा वंश एरंडाच्या कुळातूनच निघाला आहे. एरंड, रबराचे झाड आणि ज्याच्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा करतात तो टॅपिओका, ही या राक्षसाची भावकी! या कुळातील फुले बहुधा अगदी लहान असतात. त्या संशोधनानुसार या एका शाखेत सुमारे ४ कोटी ६० लाख वर्षांच्या काळात फुलाचा आकार जवळजवळ ७९ पटींनी वाढला.

जुन्या मोटेतील इतरांचे काय झाले? ते चारी दिशांना पांगले. सायटिनस भेंडी आणि कापूस यांच्या गणात गेला. पायलोस्टायलिस काकडी-भोपळ्याच्या गणात, तर मित्रास्टेमॉन चहाच्या गणात गेला. दीडशेहून अधिक वर्षे सख्खे मानलेले हे लोक एकमेकांचे फार दूरचे निघाले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या वर्गीकरणात या सर्वांच्या जागा नोंदवल्या गेल्या.

आपल्या देशातही रॅफ्लेसियाचा एक जवळचा नातेवाईक आहे. अरुणाचल प्रदेशाच्या जंगलात लाल फुलाचा, पिवळ्या ठिपक्यांचा सॅप्रिया उगवतो. २०२१ साली त्याचा आनुवंशिक मजकूर वाचण्यात आला. बहुतेक फुलझाडांत आढळणाऱ्या जनुकांपैकी सुमारे ४४ टक्के त्याने गमावली आहेत आणि हरितलवकाचा मजकूर तर पूर्णपणे नाहीसा झाला आहे. तरीही उरलेल्या मजकुरातून त्याचे कूळ सांगता येते.

एवढी खटपट कशासाठी, असे पालक विचारतील. शेतातील उदाहरण घेऊ. टारफुल्याला हिरवी पाने असतात, बंबाखूला नसतात. त्यामुळे जुन्या पुस्तकांत ही दोन तणे वेगवेगळ्या कुळांत होती. १९९९ च्या सुमारास जनुकांच्या अभ्यासावरून दिसून आले, की दोघे एकाच कुळातील आहेत. दोघांचे बी धुळीसारखे बारीक असते. पिकाच्या मुळातून पाझरणाऱ्या द्रव्याचा सुगावा लागल्यावरच ते रुजते. असे पहिले द्रव्य १९६६ साली कापसाच्या मुळांतून वेगळे करण्यात आले. शत्रूचे खरे कूळ कळले, की एकाविरुद्ध मिळवलेले ज्ञान दुसऱ्याविरुद्ध वापरून पाहता येते.

आणखी एक नाते सांगतो आणि हा लेख आटोपता घेतो. ज्या चंदनाचे गोडवे आपण गातो, ज्याच्या झिजण्याचे दाखले देतो, तो चंदनही परोपजीवीच आहे. त्याची मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांतून रस घेतात. आणि ज्याचे नाव आपण शिवी म्हणून वापरतो, ते बांडगूळ चंदनाच्याच गणातले आहे. एक देव्हाऱ्याजवळ, दुसरे शिवीत. पण वंशावळीत दोघे शेजारी.

पालकहो, निकालाच्या दिवशी आपणही मुलांची अशीच मोट बांधतो. याला गणित येत नाही, त्याला इंग्रजी येत नाही, असे म्हणून सर्वांना एका रांगेत बसवतो. आम्ही शिक्षकही त्याला अपवाद नाही. दीडशे वर्षे मोठमोठ्या विद्वानांना ज्या चुकीने फसवले, ती हीच. जे नाही त्यावरून कोणाची ओळख पटत नाही. जे आहे, ते शोधावे लागते, आणि त्यासाठी एकाहून अधिक साक्षी काढाव्या लागतात.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एक काम सांगतो. आपल्याकडे, विशेषतः किनारपट्टीला, अमरवेल म्हणून दोन निराळे वेल ओळखले जातात. दोन्हींना पाने नाहीत, दोन्ही दोरीसारखे. पुढच्या वेळी असा वेल दिसला, की त्याचे इवलेसे फूल भिंगाखाली धरा. पाकळ्या पाचाच्या हिशेबाने असतील, तर तो खरा अमरवेल, म्हणजे रताळ्याचा नातेवाईक. रचना तीन-तीनची असेल, तर तो कॅसिथा, म्हणजे दालचिनीच्या कुळातला. दुरून ते जुळे भाऊ दिसतात. जवळ जाऊन पाहा, आणि काय आढळले ते वहीत लिहून ठेवा.