बगाड, गळ आणि एक डच पाद्री

वाईजवळच्या बावधनचं बगाड तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. रंगपंचमीला बगाड्याला उंच लाकडाला टांगतात आणि बैल तो गाडा शिवारातून गावात ओढत आणतात. आता बगाड्याला कापडाने बांधतात. पूर्वी बगाडात पाठीत लोखंडी गळ टोचत.

अशाच गळाची हकीकत अब्राहम रोजेरियस या डच पाद्र्याने लिहून ठेवली आहे. मद्रासजवळच्या पुलिकतला तो 10 वर्षं होता. पुस्तक लायडनला छापलं गेलं 1651 साली. जगभरचे बळी, नवस, देहदंड समजून घ्यायची तेव्हा युरोपात ओढच लागली होती. 1723 पासून अ‍ॅमस्टरडॅमला बर्नार आणि पिकार यांनी सगळ्या धर्मांच्या विधींचे सचित्र खंड काढले. सुरुवात ज्यू आणि कॅथलिकांपासून, म्हणजे घरापासूनच! हे मला आवडलं. पण चित्रं काढणाऱ्या पिकारने हिंदुस्थान कधी पाहिलाच नव्हता.

रोजेरियसने निदान विचारलं तरी. त्याला माहिती दिली पद्मनाभ नावाच्या ब्राह्मणाने. गळ टोचून घेणाऱ्याचं मन मात्र कागदावर कुठे येतं? बघणाऱ्याला रक्त दिसतं, त्याला नवस फिटलेला असतो.

आमच्या कडेगावचे मोहरमचे ताबूत पाहून परका माणूस आधी उंचीच मोजेल. हिंदू-मुसलमान मिळून ते का उचलतात, हे मात्र त्याला खांदा देणाऱ्यालाच विचारावं लागेल.