कैतेन-झुशी
कैतेन-झुशी हा फिरत्या पट्ट्यावरून सुशी वाढणाऱ्या जपानी उपाहारगृहांचा प्रकार आहे. ग्राहक समोरून जाणारी हवी ती बशी उचलतो. शेवटी रिकाम्या बशा मोजून बिल होते. बिअरच्या कारखान्यातील सरकता पट्टा पाहून योशिआकी शिराइशी यांना ही कल्पना सुचली व १९५८ मध्ये त्यांनी ओसाकाजवळ असे पहिले उपाहारगृह काढले. १९७०च्या ओसाका जागतिक प्रदर्शनानंतर ही पद्धत लोकप्रिय झाली आणि एरवी महाग असलेली सुशी सामान्य कुटुंबांच्या आवाक्यात आली.

समोरून जाणाऱ्या अन्नाला कोणी उगाच हात लावणार नाही, या विश्वासावर ही पद्धत चालते. जानेवारी २०२३ मध्ये एका ग्राहकाने सोया सॉसची बाटली चाटून फिरत्या सुशीला थुंकी लावल्याची चित्रफीत सर्वत्र पसरली. त्यानंतर काही उपाहारगृहांनी पट्ट्यावर सुशी फिरवणे थांबवून केवळ मागणीनुसार देणे सुरू केले.