रांगेत या, मांडो सुरू होतोय

मोबाइल ठेवून द्या. इथं त्याला रेंज मिळणार नाही आणि दोन्ही हात मोकळे असलेले बरे. तुम्ही गोव्यात आहात, सासष्टीतल्या कुडतरी गावात. एकोणिसावं शतक सरत आलंय, मे महिन्यातली रात्र आहे आणि भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरी लग्न आहे. तिथं मांडो होणार आहे, गात गात नाचायचा नाच.

अंगणात माचिली, म्हणजे पालख्या, टेकल्यात. घामानं निथळणारे बोयी माडांखाली बसून पाणी पिताहेत. मागच्या चुलींवरून सोरपोतेलाचा, डुकराच्या मटणाच्या रश्शाचा, आंबट-तिखट वास येतोय, त्यात फेणीचा दर्प आणि पिकल्या फणसाचा गोडवा मिसळलाय. पाऊस अजून आलेला नाही, पण हवा इतकी दमट आहे की पायऱ्या चढेपर्यंतच पाठ भिजते. पुरुष असाल तर काळा कोट आणि ताठ कॉलर घालूनच आत जायचंय, तक्रार चालणार नाही. बाई असाल तर अंगावर पानो-भाजू आहे: गुंडाळलेला पानो, वर जरीकाम केलेला मखमली सैल भाजू, खांद्यावर तुवालो. पेटीतून आजच काढलेल्या मखमलीला कापराचा वास आहे. हातातला पंखा मात्र घट्ट धरा. आज रात्री तुमचं निम्मं बोलणं तोच बोलणार आहे.

आता दिवाणखान्यात या. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची पातळ तावदानं आहेत. डोक्यावरच्या झुंबरात मेणबत्त्या जळताहेत आणि त्यांची ऊब थेट टाळूवर उतरतेय. जरा बाजूला सरका, नाहीतर मेणाचा थेंब खांद्यावर पडायचा. भिंतीलगतच्या कोरीव खुर्च्यांवर आज्या, मावश्या, काकवा बसल्यात. त्यांचे पंखे हलताहेत, पण नजर हलत नाही. कुणाच्या समोर कोण उभं राहिलं, याची नोंद तिथं होतेय. खिडकीबाहेर अंधारात भाटकाराच्या जमिनीवर राहणारी मुंडकार कुटुंबं उभी आहेत. गाणं त्यांच्याही कानांवर पडतंय, पण आत पाऊल टाकायची त्यांना मुभा नाही.

व्हायोलिनवाला सूर लावतो. शेजारचा घुमट हे मडक्याचं वाद्य मांडीवर घेतो, घोरपडीच्या कातड्यावर एक थाप मारतो आणि दुसऱ्या तळव्यानं मडक्याचं मागचं तोंड झाकतो-उघडतो. तो खोल घुमणारा आवाज आधी पोटात जाणवतो, मग कानात.

चला, रांगेत या. एका बाजूला पुरुष, समोर बायका. समोरच्या रांगेत तुमच्या पुढ्यात जी व्यक्ती आहे, ती तुमची जोडीदार. घाई करू नका, मांडो संथ असतो. सहा मात्रांच्या लयीत अंग हलकं डोलू द्या, पाय जमिनीवरून जेमतेम सरकू द्या. दोन्ही रांगा एकमेकींकडे येतात. समोरचा चेहरा जवळ येतो, पंख्यामागून दोनच डोळे दिसतात, अत्तर आणि अबोलीच्या गजऱ्यावर मारलेलं पाणी जाणवतं. खांद्याला खांदा जवळजवळ लागतो, पण लागत नाही. तुम्ही पलीकडे जाता, वळता आणि पुन्हा समोरासमोर उभे राहता.

समोरासमोरच्या या रांगा युरोपातल्या कॉन्त्रादान्स नाचातून आल्या, पण शब्द कोंकणी आणि ठेका घुमटाचा. गायला वेगळी मंडळी नाहीत. नाचणारेच गाताहेत, दोन आवाजांत. शब्द बहुतेक विरहाचे किंवा मीलनाच्या ओढीचे. अशा घरांतून माणसं आपल्या सुखदुःखाचे मांडो रचतात. याच कुडतरीचे आर्नाल्दो मिनेझिस त्यांतले नामांकित. एरवी ज्या मुलीशी दोन वाक्यं बोलायची चोरी, तिच्यासमोर आज घरच्या सगळ्या मोठ्यांच्या देखत प्रेमाचं गाणं म्हणता येतंय!

तेवढ्यात घुमटाची लय पालटते. दुलपद! गावातल्या गमतीजमतींची, चटपटीत चालीची गाणी सुरू होतात. रांगा ढिल्या पडतात, कॉलरी सैल होतात, खुर्चीतल्या आज्याही टाळ्यांचा ठेका धरतात. फरशीवर टाचांचा नुसता धडाका उडालाय. दम लागला? बिबिंका या थराथरांच्या गोड केकचा एक तुकडा खा आणि परत या.

आता आजच्या गोव्यात चला. असे कितीतरी दिवाणखाने कुलूपबंद आहेत. घरची माणसं मुंबईला, आफ्रिकेला, पुढे आखातात आणि पोर्तुगालला गेली. लग्नं हॉलमध्ये होऊ लागली. बँड आले, सॅक्सोफोन आला, वॉल्ट्झ आणि फॉक्सट्रॉट आले, जोडीनं नाचायची हौस तिकडे वळली. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर घोरपडीचं कातडं वापरणं गुन्हा ठरलं, तरी घुमट थांबला नाही. आता त्यावर बकरीचं कातडं चढतं, आणि २०१९ मध्ये सरकारनं घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. पणजीत दरवर्षी मांडो महोत्सव होतो, शाळकरी मुलांची पथकंही पानो-भाजू घालून उतरतात. लोटलीच्या तोर्कातु द फिगेरेद यांनी रचलेला निरोपाचा मांडो आजही समारंभाच्या शेवटी गायला जातो.

महोत्सवांनी मांडो जगवला, हे उपकार मोठेच. तरी मंचावर पथकं बक्षिसासाठी नाचतात आणि आपण खाली बसून पाहतो. हा नाच पाहुण्यांनी नाचायचा होता, मावश्यांच्या नजरेखाली, चुकतमाकत, समोरच्याच्या डोळ्यांत पाहत. मांडोचा जीव त्या समोरासमोर उभं राहण्यात आहे आणि तो केवळ मंचावर टिकणार नाही. खिडकीबाहेर उभं राहण्याची सक्तीही आता कुणावर नाही. म्हणून पुढच्या वेळी गोव्यातल्या एखाद्या लग्नात घुमटावर थाप पडली आणि वडीलधारी मंडळी रांगा धरू लागली, तर व्हिडिओ काढत कडेला थांबू नका. शब्द येत नसले तरी चालेल. रांगेत जा.