मोटार ध्वनिप्रवर्धकाचा फ्यूज

मोटार ध्वनिप्रवर्धकाचा फ्यूज हे मोटारीतील अ‍ॅम्प्लिफायरच्या वीजपुरवठ्यात बसवलेले संरक्षक साधन आहे. ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक विद्युतप्रवाह वाहू लागल्यास त्यातील धातूची पट्टी वितळते आणि मंडल खंडित होते. फ्यूज उडणे हे बिघाडाचे लक्षण असते. त्यामुळे तो बदलण्याइतकेच त्यामागील कारण शोधणे आवश्यक ठरते.

स्थान आणि कार्य

या यंत्रणेत सहसा दोन ठिकाणी फ्यूज असतात. मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकाजवळ, शक्यतो ४५ सेंटिमीटरच्या आत बसवतात. बॅटरीपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत जाणाऱ्या तारेचे रक्षण करणे हे त्याचे काम असल्याने त्याची क्षमता तारेच्या जाडीवरून ठरते. दुसरा फ्यूज, किंवा फ्यूजची जोडी, बहुतेक अ‍ॅम्प्लिफायरच्या कडेलाच असते. ३० अँपिअरचे दोन फ्यूज समांतर असल्यास त्यांची एकत्रित क्षमता ६० अँपिअर होते.

अ‍ॅम्प्लिफायरवर बहुधा दोन पात्यांचा, प्लॅस्टिकच्या आवरणाचा फ्यूज वापरतात. त्याच्या रंगावरून क्षमता ओळखता येते: १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पारदर्शक आणि ३० हिरवा. घरगुती किटकॅट फ्यूजप्रमाणे यात नवी तार बांधता येत नाही. संपूर्ण फ्यूज बदलावा लागतो.

फ्यूज उडण्याची कारणे

* धन तारेचे आवरण घासून ती मोटारीच्या धातूच्या सांगाड्याला टेकणे
* धन व ऋण तारांची उलट जोडणी
* स्पीकरच्या तारांचा परस्परांशी किंवा सांगाड्याशी स्पर्श
* अ‍ॅम्प्लिफायरला सोसवेल त्यापेक्षा कमी रोधाची जोडणी. उदाहरणार्थ, ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडल्यास एकूण रोध २ ओहम होतो
* अ‍ॅम्प्लिफायरमधील ट्रान्झिस्टर निकामी होणे

फ्यूजची पट्टी नुसती तुटलेली असल्यास साधारण अतिभार, तर आवरण आतून काळवंडले असल्यास शॉर्ट सर्किट झाल्याचे सामान्यतः मानले जाते.

बदलण्याची पद्धत

प्रथम ध्वनियंत्रणा व इंजिन बंद करून बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. धन टोक आधी सोडवल्यास पाना सांगाड्याला टेकून ठिणगी पडू शकते. फ्यूज सरळ ओढून काढावा व मल्टिमीटरने तपासावा. चांगल्या फ्यूजचा रोध शून्याच्या जवळपास असतो. त्याच प्रकारचा व त्याच क्षमतेचा नवा फ्यूज बसवून ऋण टोक सर्वांत शेवटी जोडावे.

दोषशोधन

नवा फ्यूजही उडाल्यास बॅटरी पुन्हा सोडवून स्पीकरच्या तारा, संकेततारा आणि अ‍ॅम्प्लिफायर चालू करणारी रिमोट तार वेगळी करावी. यानंतर एकेक जोडणी पूर्ववत करत निरीक्षण करावे. प्रत्येक जोडणीपूर्वी वीजपुरवठा बंद ठेवावा.

* केवळ धन व ऋण तारा जोडताच फ्यूज उडाल्यास जोडणी उलट आहे का, ते पाहावे. ती योग्य असल्यास दोष अ‍ॅम्प्लिफायरच्या आत असण्याची शक्यता अधिक असते. उलट जोडणीमुळे आतील संरक्षक डायोड जळाला असल्यास तारा सुधारूनही फ्यूज उडत राहतो.
* रिमोट तार जोडल्यावर उडाल्यास अंतर्गत वीजपुरवठा किंवा ट्रान्झिस्टर सदोष असू शकतात.
* स्पीकर जोडल्यावरच उडाल्यास त्यांच्या तारा व रोध तपासावा. ४ ओहमचा स्पीकर मल्टिमीटरवर साधारण ३ ते ३.५ ओहम दाखवतो.
* केवळ मोठ्या आवाजात उडत असल्यास एकूण रोध कमी आहे का, ते पाहावे.
* अ‍ॅम्प्लिफायर पूर्णपणे सोडवल्यावरही मुख्य फ्यूज उडाल्यास दोष बॅटरीकडून येणाऱ्या तारेत असतो.

अंतर्गत दोषाची दुरुस्ती जाणकार तंत्रज्ञाकडून करून घेणे इष्ट असते.

सुरक्षितता

वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी अधिक क्षमतेचा फ्यूज, तांब्याची तार किंवा चांदीचा कागद लावणे धोकादायक आहे. मोटारीची बॅटरी केवळ १२ व्होल्टची असली, तरी शॉर्ट सर्किटच्या वेळी ती शेकडो अँपिअर प्रवाह देऊ शकते. अशा वेळी फ्यूजऐवजी तारच तापते. ही तार गालिचा व आसनांखालून गेलेली असल्याने तिचे आवरण पेटून वाहनाला आग लागू शकते.