पडत्या काळातील व्यापार : किर्लोस्करांच्या नांगराचा धडा

व्यापारास भरती-ओहोटी असावयाचीच, हे आपल्या ज्ञातिबांधवांस सांगावयास नको. सन २०२० च्या टाळेबंदीत अनेक पिढीजात दुकानांच्या फळ्या महिनोन् महिने उघडल्या नाहीत. काहींच्या पुन्हा उघडल्याच नाहीत. अशा समयी कोणता खर्च राखावा व कोणता तोडावा, हा प्रश्न कर्त्या पुरुषापुढे उभा राहतो. आणि बहुधा पहिली कुऱ्हाड गिऱ्हाइकाशी संबंध राखण्याच्या खर्चावरच पडते. आमचा जन्म खडू-फळ्यापाशी गेला, तागडी आम्ही कधी धरली नाही. तथापि इतिहास याविषयी काय सांगतो, ते वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. ती नोकरी सोडून ते बेळगावास आले. तेथे बंधू रामुअण्णांसह त्यांनी सायकलींचे दुकान चालविले, कडबा कापण्याचे यंत्र केले व १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला. माल उत्तम, परंतु घेणारा कोणी नाही! लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. येथे अडचण किमतीची नव्हती, विश्वासाची होती. भाव उतरवून असा विश्वास मिळत नाही. नांगर जमिनीत चालताना पाहिल्यावरच तो बसतो.

नांगराचा जम बसू लागला तोच बेळगावची जागा सोडण्याची पाळी आली. औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळील माळरान दिले व कर्जाचेही साहाय्य केले. १९१० साली त्या निवडुंगाच्या रानात किर्लोस्करवाडी वसली. मालकाबरोबर कारागीरही तेथे राहावयास आले, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले व लोखंड-कोळसा दुर्मीळ झाला. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून नांगर करण्यात आले. युद्ध संपून दोन वर्षे होतात न होतात तोच, १९२० साली, शंकरराव किर्लोस्करांच्या संपादकत्वाखाली 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघाले. कारखान्याची वार्ता त्यायोगे गिऱ्हाइकांच्या घरी पोहोचू लागली. पुढे तेच मासिक 'किर्लोस्कर' या नावाने महाराष्ट्रभर गाजले.

या इतिहासाचे सार आम्हांस असे दिसते की, संकटात प्रथम गिऱ्हाइकाची शंका ओळखावी, दुसरे म्हणजे जाणता कारागीर राखावा, आणि शोभेचा खर्च तेवढा तोडावा. आपले दुकान लहान असेल. पण जुन्या गिऱ्हाइकांची यादी काढून त्यांची विचारपूस करण्यास भांडवल लागत नाही. दूरध्वनीवरील दोन शब्दही पुरतात. कर्त्या पुरुषाने हिशेबाची वही मुलांपासून व जुन्या नोकरांपासून लपवू नये. घराची खरी स्थिती ज्यांस ठाऊक असते, तेच संकटात खांदा देतात; ज्यांस ती कळत नाही, ते प्रथम दुसरीकडे नोकरी शोधतात. अनेक दुकानांस वारस असूनही कुलुपे लागली, त्याचे एक कारण हेच असावे.

ज्ञातीतील तरुणांनी या चरित्राचे मनन करावे व वडिलांनी त्यांस गल्ल्यावर बसण्याचा अधिकार वेळीच द्यावा, एवढीच आमची नम्र विनंती.