सोकोल अवकाशपोशाख

सोयूझ या रशियन अवकाशयानातील प्रवाशांनी उड्डाण व अवतरण यांसारख्या जोखमीच्या टप्प्यांत परिधान करावयाचा दाबपोशाख. रशियन भाषेत ‘सोकोल’ म्हणजे ससाणा. स्वखर्चाने अवकाशात गेलेल्या पहिल्या पर्यटकांनी हाच पोशाख वापरला.

प्रारंभीच्या सोयूझ यानांतील प्रवासी उड्डाणाच्या वा अवतरणाच्या वेळी दाबपोशाख घालीत नसत. ३० जून १९७१ रोजी सोयूझ-११ पृथ्वीकडे परतत असता यानाचे भाग विलग होताना एक झडप अवेळी उघडली आणि कक्षातील हवा निघून गेली. यान सुखरूप उतरले. परंतु त्यातील गिओर्गी दोब्रोव्होल्स्की, व्ह्लादिस्लाव्ह व्होल्कोव्ह व व्हिक्टर पात्सायेव्ह हे तिघेही मृत्यू पावले होते. यानंतर पोशाख आवश्यक ठरला आणि त्याच्या साधनसामग्रीसाठी प्रवाशांची संख्या तीनवरून दोनवर आणण्यात आली. झ्वेझ्दा या संस्थेने बनविलेला सोकोल प्रथम सप्टेंबर १९७३ मध्ये सोयूझ-१२ च्या उड्डाणात वापरला गेला. सुधारित सोकोल-केव्ही-२ हा प्रकार १९८० पासून प्रचारात आला.

या पोशाखाचे वजन सु. १० किग्रॅ. असते. बाहेरचा थर मजबूत पांढऱ्या कापडाचा, तर आतील थर हवाबंद असतो. पोशाख पुढील बाजूने उघडतो. आत शिरल्यावर हवाबंद थराचे मोकळे कापड एकत्र गोळा करून रबरी पट्ट्यांनी घट्ट बांधतात. शिरस्त्राण मऊ असून त्याची पारदर्शक झडप वर उचलता येते. एरवी पोशाखात हवा खेळती ठेवतात. कक्षातील दाब घटल्यास ऑक्सिजन पुरविला जाऊन आत सु. ०·४ वातावरण इतका दाब राहतो. गुडघे छातीकडे घेऊन बसण्याच्या स्थितीस अनुसरून तो बेतलेला असल्याने उभ्या माणसास वाकून चालावे लागते. यानाबाहेर काम करण्यास तो उपयोगी नाही. त्यासाठी ओर्लान हा निराळा पोशाख असतो.

भारताचे राकेश शर्मा यांनी एप्रिल १९८४ मध्ये सोयूझ टी-११ मधून प्रवास करताना सोकोल परिधान केला होता. २८ एप्रिल २००१ रोजी अमेरिकन उद्योजक डेनिस टीटो हे सोयूझ टीएम-३२ मधून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे गेले. ते स्वखर्चाने अवकाशात जाणारे पहिले पर्यटक होत. दक्षिण आफ्रिकेचे मार्क शटलवर्थ (२००२) व इराणमध्ये जन्मलेल्या अनुशेह अन्सारी (२००६) यांनीही सोयूझमधूनच प्रवास केला. पर्यटकांसाठी सौम्य वा शोभेचा असा वेगळा पोशाख नव्हता. कारण कक्षातील हवा गेल्यास व्यावसायिक अंतराळवीर आणि पर्यटक यांवरील संकट सारखेच असते.