तलाव कोणी खोदला, पाणी कोणाच्या विहिरीत?

माझ्या पगारपत्रकात दर महिन्याला २०० रुपयांची एक कपात असते. फेब्रुवारीत ती ३०० होते. वर्षाचे २५०० रुपये. तिचे नाव व्यवसाय कर. आमच्या स्टाफरूममध्ये या कपातीवर कुरकुर होते, पण हा कर कशासाठी बसवला गेला हे विचारले तर इतिहासाचे प्राध्यापकही एकमेकांकडे पाहतात. हा कर १९७५ साली बसवला गेला तो रोजगार हमी योजनेसाठी. म्हणजे ज्या कामासाठी आज माझ्या पगारातून पैसे कापले जातात, त्या प्रकारच्या कामावर माझ्या आजीने डोक्यावरून मातीच्या पाट्या वाहिल्या आहेत. कर भरणारा नातू आणि पाटी वाहणारी आजी यांच्यामध्ये राज्याच्या अर्थसंकल्पाचे एक पान आहे. ते पान आपण नीट वाचलेले नाही, म्हणून हा लेख.

१९७२-७३ चा दुष्काळ महाराष्ट्राच्या स्मरणात मिलो आणि सुकडी या दोन शब्दांनी राहिला आहे. त्याआधीची दोन वर्षेही पावसाने दगा दिला होता. १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. खडी फोडणे, रस्ते, नालाबांध आणि पाझर तलाव ही ती कामे. या ५० लाखांत भूमिहीन कोण होते, अल्पभूधारक कोण होते, हे सांगायला जातवार तक्ता लागत नाही. आजी सांगते की कामावर पाण्याचा हंडा मात्र वेगळा होता. सरकारी काम, सरकारी पैसा, सरकारी मुकादम. आणि हंडे दोन.

त्याच सुमारास या कामांना हमीचे रूप आले. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ पासून तासगाव तालुक्यात या कल्पनेचा पाठपुरावा केला होता. १९७७ साली विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. कामाचा हक्क कायद्याने देणारे हे देशातले पहिले राज्य. पुढे २००५ साली केंद्राने जो रोजगार हमी कायदा केला, त्याच्यामागे हाच अनुभव होता. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो त्याचा निधी. व्यवसाय कर, विक्रीकरावरील आणि मोटार वाहन करावरील अधिभार, जमीन महसुलातली वाढ, ओलिताच्या जमिनीवरील उपकर आणि या सर्वांतून जमेल तेवढीच रक्कम सरकारच्या तिजोरीतून. असा स्वतंत्र निधी उभा करण्यात आला. शहरातल्या पगारदाराने आणि व्यापाऱ्याने खेड्यातल्या मजुराची मजुरी द्यायची, हे तत्त्व अर्थसंकल्पात लिहिले गेले. मला ही गोष्ट लहान वाटत नाही. पाटलाच्या वावराखेरीज दुसरीकडे रोज मिळतो, हे ज्या दिवशी भूमिहीन बाईला कळले त्या दिवशी गावातल्या सत्तेचा एक खिळा सैल झाला. रोजगार हमीवर टीका करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी हे आधी कबूल करावे.

मग प्रश्न उरतो तो असा, की ज्या विधिमंडळात बागायतदारांचे बळ होते, त्या विधिमंडळाने मजुरांसाठी असा कायदा एवढ्या एकमताने कसा केला? उदारपणा हे एक उत्तर झाले. दुसरे उत्तर पाझर तलावात आहे.

पाझर तलावाला कालवा नसतो. नाल्यावर आडवा मातीचा बांध घालायचा, पावसाचे पाणी अडवायचे आणि ते जमिनीत मुरू द्यायचे. मुरलेले पाणी बांधाच्या खालच्या अंगाला विहिरींत उतरते. तलावाचे पाणी वाटावे लागत नाही, त्याची पाळी नाही, पाणीपट्टी नाही, पाटकरी नाही. इंजिनियरच्या दृष्टीने हा त्याचा गुण आहे. समाजशास्त्राच्या दृष्टीने त्यातच त्याची खोच आहे. ज्याची बांधाखाली जमीन आणि जमिनीत विहीर, त्याला पाणी. ज्याची जमीन नाही त्याला मजुरी, आणि तीही बांध पुरा होईपर्यंत. कायद्याची भाषाही अशीच आहे. १८८२ च्या इंग्रजी अमदानीतल्या सुविधाधिकाराच्या कायद्यानुसार आपल्या जमिनीच्या हद्दीतले, जमिनीखालचे पाणी उपसण्याचा हक्क जमीनमालकाचा. बांध सार्वजनिक पैशाचा, घाम भूमिहीनाचा. पण पाणी बांधातून पाझरून चार कासरे पुढे गेले की ते खासगी होते. सार्वजनिक संपत्तीचे खासगी संपत्तीत असे शांत, बिनबोभाट रूपांतर दुसऱ्या कोणत्या खात्यात होत असेल असे मला वाटत नाही.

येथे थोडे मागे जायला हवे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांनी जो ठराव मंजूर करून घेतला, त्याचा पाया काय होता? सार्वजनिक पैशातून बांधलेली आणि राखलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, हा. ठराव मंजूर होऊनही गावे बधली नाहीत, तेव्हा १९२६ साली बोले यांनी दुसरा ठराव आणला : जी नगरपालिका व लोकलबोर्डे हा ठराव अमलात आणणार नाहीत त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे. म्हणजे पाण्याचा प्रश्न हा अंदाजपत्रकाचा प्रश्न आहे, हे आपल्याकडे पंचवार्षिक योजनांच्या किती तरी आधी ओळखले गेले होते. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव केला होता, आणि तो कागदावर राहिला म्हणूनच २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो अनुयायांसह चवदार तळ्यावर जावे लागले. त्यानंतर सवर्णांनी कोर्टात काय मांडले? तळे खासगी आहे, हे. तो दावा दहा वर्षे चालला आणि १९३७ च्या मार्चमध्ये मुंबई हायकोर्टात त्यांच्या विरुद्ध निकाली निघाला. महाडची लढाई आपण स्पर्शाची लढाई म्हणून शिकवतो. ती मालकीचीही लढाई होती. सार्वजनिक पैशाचे पाणी खासगी आहे असे म्हणण्याचा मार्ग महाडला कोर्टाने बंद केला. पाझर तलावाने तो मार्ग जमिनीखालून पुन्हा उघडला, आणि या वेळी कोणाला दावा लावण्याचीही गरज पडली नाही.

आता कोणी म्हणेल की जमीन नाही हा तलावाचा दोष नव्हे. खरे आहे. दोष त्याच्या मागचा आहे. महार वतनांचा कायदा बदलावा म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली विधेयक आणले. कनिष्ठ ग्रामवतने रद्द होण्यास १९५८ चा कायदा उजाडावा लागला. पडीक जमिनी भूमिहीनांना द्या म्हणून कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली सत्याग्रह झाले, लाखो लोक तुरुंगात गेले. जमिनीचे वाटप अर्धवट राहिले आणि त्या अर्धवट वाटपावर पाण्याचा पैसा ओतला गेला. जिथे जमीन विषम आहे तिथे जमिनीला जोडलेले प्रत्येक अनुदान विषमच वाहणार. १९९० साली फळबाग लागवड रोजगार हमीशी जोडली गेली तेव्हा हेच झाले. मजुरांच्या निधीतून बागा उभ्या राहिल्या; बाग लावायला आधी वावर लागते.

याच काळात, १९७९-८० पासून, अनुसूचित जातींसाठी विशेष घटक योजना सुरू झाली. नियोजनाच्या रकमेतला लोकसंख्येइतका हिस्सा बाजूला काढायचा, हे तिचे सूत्र. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात हा हिस्सा ११.८ टक्के होतो. अंदाजपत्रकाच्या पुस्तकात ७८९ हे गौणशीर्ष दिसले की समजावे, हा पैसा त्या हिश्शातला. माझ्या विद्यार्थ्यांना मी हा आकडा पाठ करायला लावतो. परीक्षेत विचारला जात नाही, पण उपयोगी आहे. पाटबंधाऱ्यांच्या बाबतीत या सूत्राला एक सोयीस्कर पळवाट सापडली. धरण, कालवा ही कामे ‘अविभाज्य’ आहेत, त्यांचा लाभ सर्वांना होतो, म्हणून त्यातला हिस्सा वेगळा काढता येत नाही, असे सांगण्यात आले; किंवा न काढताच कागदावर दाखवण्यात आला. रस्त्याचा लाभ सर्वांना होतो असे एक वेळ म्हणता येईल. कालव्याचा लाभ कालव्याकाठच्या सातबाऱ्याला होतो. सातबारा अविभाज्य नसतो, त्यावर नाव असते.

पाणी जमिनीपासून वेगळे करता येते हे मात्र महाराष्ट्रातच सिद्ध झालेले आहे. १९७२ च्याच दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, उसाला बंदी, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क विकला जात नाही, आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा, हे तिचे नियम. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवरच्या बळीराजा धरणाच्या लढ्यातही भूमिहीनांचा पाण्यावरचा हक्क मान्य झाला. ज्याला पाण्याचा वाटा आहे तो जमीन खंडाने करू शकतो, किंवा जमीनवाल्याशी बरोबरीने बोलणी करू शकतो. ही तत्त्वे सरकारी योजनेचा नियम का झाली नाहीत, याचे उत्तर नियोजन खात्यात शोधून मिळणार नाही.

आता या खर्चाला हवामान बदलाचे नाव मिळाले आहे. २०१४ च्या डिसेंबरात जलयुक्त शिवार आले; त्यावर ९,६३४ कोटींच्या आसपास खर्च होऊनही भूजल पातळी वाढवण्यात फारसा परिणाम दिसला नाही, असे महालेखापरीक्षकांनी २०२० साली नोंदवले. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ आले. नाव मागेल त्याला, अट किमान ०.६० हेक्टर जमिनीची. पुष्कळ शेततळ्यांना प्लास्टिकचे अस्तर लागले आणि विहिरीचे पाणी उपसून ती भरली गेली. म्हणजे आजीच्या पिढीने मुरवलेले पाणी वर काढून उन्हात ठेवायचे, यालाही अनुदान. २०१८ साली जागतिक बँकेच्या कर्जातून हवामान अनुकूल शेतीचा सुमारे ४,००० कोटींचा प्रकल्प १५ जिल्ह्यांतल्या ५,१४२ गावांसाठी सुरू झाला. त्यात जमीनवाल्याला ठिबक, शेततळे, विहीर, भूमिहीनाला शेळ्या. शेळी वाईट नव्हे. पण पाणी एकाला आणि शेळी दुसऱ्याला, ही वाटणी गावाने पूर्वीच केलेली होती.

मागच्या उन्हाळ्यात मी काही विद्यार्थ्यांना घेऊन आजीच्या त्या तलावावर गेलो. गाळ भरला आहे, बांधावर बाभळी माजल्या आहेत. खालच्या विहिरी मात्र मे महिन्यातही हलत्या होत्या. आजी काठी टेकत आली आणि तिने एकेक विहीर मालकाच्या नावाने दाखवली. आमच्या वस्तीतले एकही नाव त्यात नव्हते. वस्तीच्या हातपंपाला त्या दिवशी पाणी नव्हते, टँकर यायचा होता. मुलांनी वहीत विहिरी लिहून घेतल्या, आणि समोरच्या रकान्यात तलावाच्या खर्चाचा आकडा लिहायचा म्हणून पंचायत समितीकडे माहितीचा अर्ज केला. तो रकाना अजून रिकामा आहे. आम्ही अपील केले आहे.